ढिगाऱ्यातला एक श्वास

कॅनडातील एडमंटन शहरी असलेल्या बायोवेअर या संस्थेने ६ मार्च २०१२ रोजी ‘मास इफेक्ट ३’ हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला, आणि त्याच्या अखेरच्या काही मिनिटांचा अर्थ नेमका कोणता, याविषयी जगभरच्या खेळणाऱ्यांमध्ये त्या वेळी जो वाद उपस्थित झाला, त्याचे दप्तर एक तप उलटून गेले तरी अद्याप बंद झालेले नाही. माझा भाचा त्या वर्षी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. परीक्षा तोंडावर आलेली असताना तो आणि त्याचे दोन मित्र आमच्या ओसरीवर बसून रात्री उशिरापर्यंत तावातावाने बोलत, आणि ते बोलणे कोणा ‘शेपर्ड’च्या मरणाविषयी आहे असे कळल्यावर मी त्यांना, एका खेळापायी एवढा वेळ का दवडता, असे विचारले होते. त्या प्रश्नाचा मला आज खेद वाटतो. कारण गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याच भाच्याच्या शेजारी बसून या मालिकेचे तिन्ही भाग, २०२१ साली नव्याने निघालेल्या आवृत्तीत, मी अथपासून इतिपर्यंत पाहिले, आणि माझी अशी खात्री झाली की ओसरीवर त्या रात्री जे चालले होते ते आपल्या जुन्या पंडितांनी ज्याला शास्त्रार्थ म्हटले असते त्याच जातीचे होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथेचा सारांश सांगणे भाग आहे. रीपर नामक प्रचंड यंत्रजीव दर पन्नास हजार वर्षांनी आकाशगंगेबाहेरच्या काळोखातून परत येतात आणि त्या काळात प्रगत झालेल्या सर्व संस्कृतींचा उच्छेद करून पुन्हा निघून जातात. कमांडर शेपर्ड हा मानवी सैन्याचा अधिकारी, आणि खेळणाऱ्याची इच्छा असल्यास ती स्त्री अधिकारी, या संकटाविरुद्ध निरनिराळ्या ग्रहांवरच्या वंशांना एकत्र आणण्यासाठी झटत असतो. पहिला भाग २००७ साली आला, दुसरा २०१० साली. आणि या मालिकेचे वैशिष्ट्य असे की पहिल्या भागात खेळणाऱ्याने ज्याला वाचवले तो तिसऱ्या भागात त्याच्या मदतीला येतो व ज्याला मरू दिले त्याची जागा रिकामीच राहते. पाच वर्षांच्या अवधीत घेतलेल्या शेकडो निर्णयांची नोंद सेव्ह फाइलमधून पुढच्या भागात दाखल होत जाते, म्हणून प्रत्येकाचा शेपर्ड हा त्याचा स्वतःचा शेपर्ड असतो. ही गोष्ट ध्यानात न घेता त्या शेवटाविषयीचा क्षोभ समजू म्हटल्यास समजणार नाही.

आणि शेवट असा. लंडनच्या भग्न रस्त्यांवरून शेपर्ड एका प्रकाशस्तंभाकडे धावत असता रीपरांचा अग्रणी हार्बिंजर त्याच्यावर किरण सोडतो. शेपर्ड कोसळतो, जळालेल्या चिलखतानिशी कसाबसा उठतो, त्या स्तंभातून अंतराळातील सिटाडेल नावाच्या स्थानकावर जातो, आणि तेथे एका लहान मुलाचे रूप घेतलेली एक शक्ती त्याच्यापुढे तीन मार्ग ठेवते. रीपरांचा नाश करणे हा लाल मार्ग, त्यांना आपल्या ताब्यात घेणे हा निळा, आणि सजीव व यंत्र यांचा संयोग घडवणे हा हिरवा. खेळणाऱ्याने पाच वर्षांत काहीही केलेले असो, या तिन्हींची दृश्ये मूळ आवृत्तीत जवळजवळ सारखीच होती, केवळ रंग निराळा. गेमचे दिग्दर्शक केसी हडसन यांनी प्रकाशनापूर्वी एका मुलाखतीत शेवट अ, ब, क असा मोजता येण्याजोगा नसेल असे आश्वासन दिले होते, त्यामुळे निराशा अधिकच तीव्र झाली. परंतु नाशाचा मार्ग निवडला असेल आणि पुरेसे सैन्यबळ जमवलेले असेल तर, आणि तरच, अगदी शेवटी एक क्षणाचे दृश्य दिसते: दगडविटांच्या ढिगाऱ्यात चिलखत घातलेला एक देह पडला आहे, आणि तो एकदम श्वास घेतो.

या एका श्वासावर खेळणाऱ्यांनी जी इमारत उभी केली तिला ते ‘इन्डॉक्ट्रिनेशन थिअरी’ म्हणतात. आपण तिला वशीकरणाची उपपत्ती म्हणू. रीपरांच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाचे मन हळूहळू त्यांच्या अधीन होते, त्याला कुजबुज ऐकू येते, छाया दिसतात, नसलेल्या आकृती भासतात, हे पहिल्या भागापासून सांगितलेले आहे. मग तिसऱ्या भागाच्या प्रारंभी व्हँकुव्हर शहरात शेपर्डला जो मुलगा दिसतो, ज्याच्याशी दुसरे कोणीच बोलत नाही आणि ज्याला विमानात चढताना कोणी हातही देत नाही, तो खरोखर होता काय? पुढे तीन वेळा शेपर्डला स्वप्न पडते. त्यात तोच मुलगा, काळ्या तेलकट छाया आणि मृत सोबत्यांची कुजबुज. आणि अखेर तीच आकृती धारण करून जी शक्ती त्याच्यापुढे उभी राहते तिच्या तीन मार्गांपैकी संयोगाचा मार्ग पहिल्या भागातील सॅरनने पुरस्कारलेला आहे व ताब्याचा मार्ग तिसऱ्या भागातील इल्यूसिव्ह मॅनने; हे दोघेही रीपरांना वश झालेले होते. शिवाय या मालिकेत सत्प्रवृत्तीचा रंग सदैव निळा व उग्रतेचा लाल असता येथे खलपुरुषाचा मार्ग निळा आणि शेपर्डचे गुरुस्थानी असलेले अँडरसन यांचा मार्ग लाल दाखवला आहे. सारांश, किरणाने कोसळल्यानंतरचे सर्व काही शेपर्डच्या मनात घडते, ती त्याच्या मनाची शेवटची परीक्षा आहे, आणि जो नाश निवडतो तोच लंडनच्या ढिगाऱ्यात शुद्धीवर येतो.

ही उपपत्ती मी प्रथम संपूर्ण ऐकली तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला, हे मला मोकळेपणाने सांगितले पाहिजे. त्यानंतर मात्र मला आपल्या परंपरेतील एका साधनाची आठवण झाली. ग्रंथाचे तात्पर्य कोणते हे ठरवण्यासाठी मीमांसकांनी सहा कसोट्या सांगितल्या आहेत: उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात या कसोट्यांचा आधार घेतला, तो निरनिराळ्या भाष्यकारांनी आपापल्या संप्रदायाकडे ओढलेल्या गीतेचा अर्थ गीतेच्याच शब्दांवरून निश्चित करता यावा म्हणून. ज्या कसोट्या एवढ्या थोर ग्रंथासाठी वापरल्या त्या एका खेळाला लावणे कोणास अनुचित वाटेल; मला तसे वाटत नाही, कारण कसोटी अर्थाची असते, आणि जेथे हजारो माणसे अर्थासाठी एवढी कळकळीने झगडतात तेथे तिचा उपयोग करणे हा त्या कळकळीचा आदर करणे होय.

उपक्रम आणि उपसंहार पाहिले तर वशीकरणवाद्यांची बाजू भक्कम दिसते. प्रारंभी मुलगा, अखेरी मुलगा. हा संबंध योगायोगाने घडलेला नाही. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. तीन स्वप्ने ही पुनरुक्तीच आहे आणि तीही वाढत्या क्रमाने, कारण तिसऱ्या स्वप्नात शेपर्ड त्या मुलाला कवटाळून स्वतःलाच जळताना पाहतो. अपूर्वतेच्या ठिकाणी मात्र मामला गुंतागुंतीचा होतो. निर्माण केलेली यंत्रे निर्मात्याविरुद्ध उठल्यावाचून राहतच नाहीत, हा त्या मुलाचा सिद्धान्त कथेत अगदी शेवटी आणि एकाएकी येतो. आणि तो तर कथेच्या मध्यभागाने आधीच खोडून काढलेला आहे, कारण कुशलतेने खेळणाऱ्याला गेथ नावाची यंत्रे व त्यांचे निर्माते क्वेरियन यांच्यात रॅनोक ग्रहावर समेट घडवता येतो. भाचा म्हणाला, “मामा, म्हणूनच तो मुलगा खोटे बोलतो आहे, यापेक्षा उघड पुरावा तुम्हाला कोणता हवा?” मी त्याला सांगितले की विसंगती दिसली म्हणजे बोलणारे पात्र खोटे असते असे नाही, कधी लिहिणारा थकलेला असतो.

अर्थवाद या कसोटीने मीमांसकांनी एक मोलाची सावधगिरी शिकवली आहे. स्तुतीची, निंदेची, शोभेची वाक्ये मुख्य विधीला पोषक म्हणून वाचावीत, त्यांनाच विधी मानू नये. किरणानंतर शेपर्डच्या पिस्तुलातील गोळ्या संपत नाहीत, प्रकाशस्तंभाजवळ स्वप्नातल्यासारखी झुडपे दिसतात, अँडरसन मागून निघूनही पुढे पोहोचतात, ही सारी चिन्हे वशीकरणवाद्यांनी मोठ्या परिश्रमाने वेचलेली आहेत, आणि त्या परिश्रमापुढे मी नम्र आहे. परंतु गोळ्या न संपणे ही खेळणाऱ्याची सोयही असू शकते, झुडपे चित्रकाराने एका ठिकाणची दुसरीकडे वापरलेली असू शकतात. मुख्य विधान अन्यत्र सिद्ध झाले तरच अशा खुणांना साक्षीदाराचे मोल येते, एरवी त्यांची जबानी ग्राह्य धरता येत नाही.

आणि फल? येथे ही उपपत्ती माझ्या मते कोलमडते. शेपर्ड लंडनमध्ये शुद्धीवर आला, हे मान्य केले तर रीपर अजून डोक्यावर आहेत, लढाई अपुरी आहे, रीपरांविरुद्ध सर्व वंशांनी मिळून बांधलेले महायंत्र चालू झालेलेच नाही; म्हणजे तीन भागांची ही प्रदीर्घ कथा फलाच्या उंबरठ्यावर येऊन थांबली असे म्हणावे लागते. श्रेयनामावलीनंतर तर एक वृद्ध बर्फाच्छादित भूमीवर एका बालकाला शेपर्डची गोष्ट फार जुनी म्हणून सांगताना दिसतो. त्या वृद्धाला आवाज दिला आहे तो चंद्रावर उतरलेल्या दुसऱ्या मानवाने, बझ ऑल्ड्रिन यांनी. ते दृश्य पाहणाऱ्याला रीपरांचे संकट इतिहासजमा झाले आहे याविषयी संशय उरत नाही. सगळेच स्वप्न होते असे म्हणणाऱ्याला हे दृश्यही स्वप्नात ढकलावे लागते, आणि एकदा का ही ढकलाढकल सुरू झाली की कोठे थांबायचे त्याला सीमा राहत नाही.

या ठिकाणी महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वाचे स्मरण मला अनिवार झाले. युधिष्ठिर स्वर्गात जातो तो तेथे दुर्योधन वैभवाने विराजमान झालेला पाहतो, आणि स्वतःचे भाऊ व द्रौपदी त्याला नरकाच्या अंधारात विव्हळताना ऐकू येतात. तो देवदूताला परत पाठवून त्यांच्याजवळच राहण्याचा निश्चय करतो. मग इंद्र येतो, धर्म येतो, आणि ते त्याला उघड सांगतात की हा सर्व मायेचा देखावा होता व सरोवराकाठची पहिली आणि श्वानाची दुसरी, त्यानंतरची ही तिसरी परीक्षा होती. नायकाला शेवटच्या क्षणी भ्रमात टाकून त्याच्या निवडीवरून त्याचे सत्त्व पारखणे ही कल्पना, म्हणजे वशीकरणवाद्यांची तीच कल्पना, किती पुरातन आणि किती उदात्त आहे! पण व्यासांनी तो भ्रम भ्रम म्हणून फोडून दाखवला. अंधार नाहीसा झाला, दुर्गंध नाहीसा झाला, शीतळ वारा वाहू लागला. श्रोत्याला अनुमान करीत बसावे लागले नाही. भ्रम हा भ्रम होता हे कळल्यावाचून परीक्षेला अर्थ येत नाही, म्हणूनच केवळ एका श्वासावर एवढा भार टाकणे मला शक्य होत नाही.

तरीसुद्धा या उपपत्तीच्या बाजूने एक दाखला आहे आणि तो दडवून ठेवणे न्यायाचे होणार नाही. जेफ कीली यांनी या गेमच्या घडणीची जी हकिकत प्रसिद्ध केली तिच्यावरून असे दिसते की शेवटच्या प्रसंगी शेपर्ड रीपरांच्या पूर्ण ताब्यात जाऊन खेळणाऱ्याच्या हातून त्याचे नियंत्रण निसटते, असा एक भाग करून पाहण्याचा विचार निर्मात्यांच्या मनात होता; तो संवादांतील पर्यायांशी जुळवणे अवघड ठरल्यामुळे सोडून देण्यात आला. याचा अर्थ जाणत्या वाचकांनी मजकुराच्या खाली गाडले गेलेले एक जुने जोते अचूक हुडकून काढले होते! घर त्या जोत्यावर बांधले गेले नाही, एवढेच. टाकून दिलेला मसुदा हा प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा अर्थ ठरवू शकत नाही, परंतु वाचणाऱ्यांची दृष्टी किती सूक्ष्म होती याची ग्वाही तो निःसंशय देतो.

वादाचे दुसरे अंग म्हणजे शेवट बदलून मिळावा म्हणून झालेली चळवळ, आणि येथे माझे मत खेळणाऱ्यांविरुद्ध जाते. त्यांच्या वागण्यात चांगुलपणाही होता. ‘रीटेक मास इफेक्ट’ या मोहिमेने रुग्णालयांतील मुलांसाठी काम करणाऱ्या चाइल्ड्स प्ले या संस्थेला ८०,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमवून दिली. काहींनी बायोवेअरकडे लाल, निळ्या आणि हिरव्या रंगांचे सुमारे ४०० कपकेक पाठवले, सर्व एकाच चवीचे, आणि मुद्दा शब्दांवाचून पोहोचवला. पण एकाने अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे फिर्याद गुदरली, अनेकांनी मागणीअर्जांवर सह्या केल्या, आणि अखेर २६ जून २०१२ रोजी संस्थेने ‘एक्स्टेंडेड कट’ नावाची विस्तारित अखेर विनामूल्य दिली. तिच्यात प्रत्येक मार्गानंतर काय झाले याचे निवेदन आले आणि तिन्ही मार्ग नाकारण्याचा चौथा पर्यायही आला. लेखकाने वाचकांच्या आग्रहाला मान तुकवणे नवीन नाही. १८९३ साली मारलेल्या शेरलॉक होम्सला कॉनन डॉयल यांना परत आणावे लागले, आणि ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट डिकन्स यांनी एका मित्राच्या सल्ल्याने बदलला. तथापि होम्स परत आला तो नव्या कथा घेऊन. येथे आली ती कैफियत. ज्या अर्थासाठी माणसे आपापसांत झुंजत होती त्याचा खुलासा कचेरीतून सुटला, आणि वादाची अर्धी शक्ती त्या दिवशी ओसरली. चौथ्या पर्यायात त्या मुलाचा आवाज एकाएकी रीपराच्या आवाजासारखा घोगरा होतो, यावर वशीकरणवाद्यांनी पुन्हा नवी फळी उभारली खरी. परंतु तेव्हापासून त्यांना मजकुराशी झगडण्याऐवजी निर्मात्यांच्या निवेदनाशी झगडावे लागले, आणि या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की शेवटाचा निवाडा मजकुराने करावा. निर्मात्याच्या नंतरच्या जबानीने नव्हे आणि वाचकांच्या बहुमतानेही नव्हे. आपल्या साहित्यशास्त्राने संदिग्धता हा दोष मानला आणि ध्वनी हा काव्याचा आत्मा मानला, त्यातील भेद या वादात मला प्रथमच एवढा स्पष्ट दिसला. डेन्मार्कमधील प्लेडेड या संस्थेचा २०१६ सालचा ‘इनसाइड’ हा गेम पाहावा. त्यात एक शब्दही नाही. लाल सदऱ्यातला एक मुलगा पाठलाग करणाऱ्यांना चुकवत एका अवाढव्य प्रयोगशाळेत शिरतो, तेथे हातापायांच्या एका भयंकर मांसपिंडात सामावला जातो, आणि तो पिंड भिंती फोडून निसटतो व समुद्रकाठच्या गवतावर, उन्हाच्या एका झोतात, निश्चल पडतो. ही मुक्ती म्हणावी, तर प्रयोगशाळेतच त्या जागेची लहानशी प्रतिकृती, त्याच प्रकाशझोतासह, आधी दिसून गेलेली असते. म्हणजे पलायनही कोणी योजलेलेच होते काय? आणि जो खेळणारा सर्व गुप्त गोलक शोधून काढतो त्याला एका तळघरात एक वायर उपटता येते, आणि ती उपटताच तो मुलगा बाहुलीसारखा खाली वाकून थिजतो, जशी त्या जगातली वश केलेली माणसे थिजतात. मग आजवर त्याला चालवत कोण होते? तो पिंड, की हातात कंट्रोलर धरून बसलेले आपण? दोन्ही उत्तरांना पुरावा आहे आणि तो निर्मात्यांनी स्वतः जागच्या जागी ठेवलेला आहे. हा ध्वनी. ‘मास इफेक्ट ३’च्या मूळ शेवटात जी होती ती संदिग्धता, आणि वशीकरणवाद्यांनी जे केले ते असे की त्या दोषाचे, निव्वळ प्रेमापोटी, त्यांनी ध्वनीत रूपांतर करून दाखवले. ज्या निर्मात्यांवर पाच वर्षे विश्वास ठेवला ते अखेरीस चुकले हे मानण्यापेक्षा आपणच नीट वाचले नाही असे मानणे त्यांनी पत्करले. एवढा विश्वास आमच्या पिढीने किती ग्रंथकारांवर टाकला असेल, असा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे.

म्हणून ज्या घरांतून अशा वादाचे आवाज ऐकू येतात त्या घरांतील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा तरी शेजारी बसून तो ऐकावा, आणि पुरावा मागावा. “तुला असे का वाटते, ते कोठे दिसते, पुन्हा दाखव,” एवढेच म्हणावे. महाविद्यालयांच्या मराठी व इंग्रजी विभागांनीही मीमांसेच्या त्या सहा कसोट्या शिकवताना एखादा असा शेवट वर्गात लावायला काय हरकत आहे? ज्या मुलांना अर्थवाद हा शब्द ठाऊक नाही ती मुले झुडपांच्या साक्षीवरून रात्र रात्र तेच विवेचन करीत आहेत.

भाऊबिजेच्या रात्री आम्ही शेवटाला पोहोचलो. फलाच्या कसोटीवर मी जे बोललो ते भाच्याने शांतपणे ऐकून घेतले होते, काही मुद्दे मान्यही केले होते. पण त्या मुलाने तीन मार्ग पुढे ठेवले तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता शेपर्डला उजवीकडे वळवले आणि लाल प्रकाशाकडे चालवू लागला. सगळे कोसळले, जहाज दूरच्या रानात उतरले, नावे सरकू लागण्यापूर्वी पडदा काळा झाला. बहीण तेवढ्यात ताट वाढल्याचे सांगायला आली, तर त्याने नुसता हात वर करून तिला थांबवले. मीही, माझे सारे युक्तिवाद बाजूला ठेवून, त्या ढिगाऱ्याकडे डोळे लावून वाट पाहत होतो.